सात शंकू, एकवीस पाकळ्या: चेरेन्कॉव्ह कॅमेऱ्याच्या लाइट कॉन्सन्ट्रेटरच्या कामाच्या नोंदी

९ जून २०२५, सोमवार: आकडे पक्के केले

काम असं: चेरेन्कॉव्ह दुर्बिणीच्या (गॅमा किरणांमुळे वातावरणात उठणारा क्षणिक निळसर प्रकाश टिपणाऱ्या) ७ पिक्सेलच्या चाचणी कॅमेऱ्यासमोर बसतील असे षटकोनी लाइट कॉन्सन्ट्रेटर पुण्यातच करून घ्यायचे. पुढे सगळीकडे नुसतं ‘शंकू’ म्हटलंय. आकार खरं तर पॅराबोलाचा आहे, पण वर्कशॉपमध्ये सगळे शंकूच म्हणतात.

कॅमेऱ्याचा एकेक पिक्सेल म्हणजे एकेक फोटोमल्टिप्लायर, म्हणजे अंधुक प्रकाश मोजणारी नळी. या नळ्या गोल असतात. शेजारी शेजारी मांडल्या की मध्ये फटी राहतात आणि तिथे पडलेला प्रकाश वाया जातो. शंकू तो गोळा करून नळीच्या तोंडात घालतो. दुसरं काम तितकंच महत्त्वाचं आहे. आरशाच्या कडेपलीकडून, म्हणजे जमिनीवरून किंवा बर्फावरून उसळून आलेला प्रकाश तो आत घेत नाही.

आमची नळी २८ मिमीची, कामाचा कॅथोड (प्रकाश टिपणारा भाग) २५ मिमी. दुर्बिणीच्या आरशाचं फोकल अंतर व्यासाच्या १.२ पट धरलं, म्हणजे आरशाच्या कडेचा किरण २२.६ अंशांनी येतो. षटकोनी शंकूची कड गोल शंकूइतकी धारदार कापत नाही, म्हणून स्वीकार कोन (ज्यापलीकडचे किरण शंकू आत घेत नाही तो) २७ अंश ठेवला. त्यावरून:

तोंड ४५.४ मिमी (सपाट बाजू ते सपाट बाजू), बूड २०.६ मिमी, पूर्ण लांबी ६४.८ मिमी, पॅराबोलाचं फोकल अंतर १४.९८ मिमी. पॅराबोलाचा अक्ष २७ अंश कललेला आणि त्याचा फोकस समोरच्या बाजूच्या बुडाच्या कडेवर. कॅडमध्ये नेमकी इथेच चूक होते. फोकस आपल्याच बाजूच्या कडेवर ठेवला तरी चित्र सुंदर दिसतं, पण तो शंकू प्रकाश परत पाठवतो. आमचाही पहिला रे-ट्रेस (संगणकावर किरणांचा माग) शून्यावर आला होता. दीड दिवस गेला.

वरून ७ मिमी छाटून लांबी ५८ केली. तोंडाजवळ भिंत जवळजवळ सरळ उभी असते, त्यामुळे छाटूनही तोंड जेमतेम ०.१५ मिमीने आखडतं. साच्यातली खोली मात्र वाचते. आता तोंड आणि बूड यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर ४.८२. पुढचे सगळे टक्के या आकड्याशी ताडलेले आहेत.

१८ जून: प्रिंट करून पाहिलं

साच्यावर पैसे टाकण्याआधी एसएलए रेझिनचे (प्रकाशाने घट्ट होणारं द्रव प्लॅस्टिक) तीन संच थ्रीडी प्रिंट केले, ११,४०० रुपये. शंकू उभा चिरून दोन अर्ध्या भागांत, प्रत्येकात तीन बाजू. ५० मायक्रॉनचे थर नखाला लागतात. ४०० ते २००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासले. चकाकी आली, पण बाजूंचं मधलं खोलगट वळण सपाट होत गेलं. हाताने घासायचं तर पेपरखाली त्याच वळणाचा लाकडी ठोकळा लागतो. बोहरी आळीतून पेपर आणला, ठोकळ्याचं लक्षात आलं नाही.

२० तारखेला पालख्या शहरात. भोसरीकडे जाणं दोन दिवस पुढे ढकललं.

२७ जून: पहिला मुलामा

पुण्याच्या आसपास गाड्यांच्या हेडलाइटचे रिफ्लेक्टर बनतात, त्यामुळे प्लॅस्टिकवर निर्वातात ॲल्युमिनियम चढवणारे कारखानेही आहेत. त्यांपैकी एकाकडे त्यांच्याच बॅचमध्ये आमचे तुकडे लावले, १,५०० रुपये. टंगस्टनच्या फिलामेंटवर ॲल्युमिनियमच्या तारेचे तुकडे, मग त्याच चेंबरमध्ये एचएमडीएसओ या सिलिकॉनयुक्त द्रवाच्या वाफेच्या प्लाझ्माने पारदर्शक संरक्षक थर.

निकाल असा की मधली बाजू आरशासारखी आणि दोन्ही कडेच्या बाजू दुधाळ, थोड्या तपकिरी. कारण सरळ आहे. तीन बाजूंच्या तुकड्यात कडेच्या बाजू मधलीशी ६० अंश करतात, त्यामुळे तिथे थर निम्माच बसतो (६० अंशाची कोसाइन अर्धी). शिवाय तिरका आलेला ॲल्युमिनियम सलग न बसता खांबाखांबांसारखा वाढतो आणि धूसर दिसतो.

म्हणून निर्णय: दोन नव्हे, तीन तुकडे. प्रत्येक तुकड्यात, म्हणजे पाकळीत, दोनच बाजू, दोन्ही ३० अंश कललेल्या, थर ८७ टक्के. जोड एक वाढला, पण तिन्ही पाकळ्या हुबेहूब सारख्या, म्हणून साचा एकच. साचा आधी केला असता तर दोन भागांचाच केला असता आणि लाखभर रुपये पाण्यात गेले असते.

इथे प्रमाणाचा विचार करून ठेवला. लडाखमध्ये हानले इथे ४,२७० मीटरवर असलेल्या २१ मीटर व्यासाच्या मेस (MACE) या चेरेन्कॉव्ह दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात १,०८८ पिक्सेल आहेत. त्या आकाराच्या कॅमेऱ्याला आमच्या पद्धतीने ३,२६४ पाकळ्या लागतील. एवढ्या संख्येला प्रिंटिंग आणि हाताने घासणं हा मार्गच नाही. इंजेक्शन मोल्डिंगच करावं लागणार, म्हणून सात शंकूंसाठीही तोच रस्ता धरला.

८ जुलै: साचा

भोसरीतल्या टूलरूमकडून, एका पोकळीचा, ९२,००० रुपये. आरशाची बाजू कोअरवर (साच्याचा आतला, उंचवट्याचा भाग). कोअर बाहेरून फुगीर असल्यामुळे पॉलिशवाल्याचा हात सगळीकडे पोचतो. ६ मिमी बॉलनोज कटर, ०.१ मिमी स्टेप, म्हणजे कटरच्या पट्ट्यांची उंची साधारण ०.४ मायक्रॉन. मग स्टोन ३२०, ४००, ६००, पेपर १५०० पर्यंत आणि डायमंड पेस्ट १४, ८, ३, १.

पी-२० स्टीलवर शेवटच्या पेस्टला संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग आला. पॉलिशवाला म्हणाला, “अजून दोन दिवस चोळतो, जाईल.” गेलं नाही, वाढलं. मऊ स्टील जास्त चोळलं की असं होतंच. कोअर इन्सर्ट ४२० स्टेनलेसमध्ये कडक करून (रॉकवेल कठीणता ५० एचआरसी) पुन्हा केला: २१,००० रुपये आणि अकरा दिवस, त्यात भोसरीच्या दोन गुरुवारच्या वीजबंदीचे दोन दिवस. हे स्टील पहिल्यापासून मागायला हवं होतं.

किती गुळगुळीत हवं याबद्दल थोडं. ३५० नॅनोमीटरला १० नॅनोमीटर खडबडीतपणा समोरून येणाऱ्या प्रकाशाचा सुमारे १३ टक्के भाग विखुरतो. शंकूत मात्र किरण भिंतीला चाटून जातात. ७० अंशांच्या आपतनाला तोच आकडा दीड टक्क्यावर येतो. प्रतिमाही बनवायची नाही, किरण बुडातून बाहेर पडला की झालं. त्यामुळे आकारात ०.१ मिमी इकडेतिकडे चालतं. टूलरूमला ड्रॉइंगवर १० मायक्रॉन लिहून घाबरवू नका, भाव दुप्पट होतो.

इजेक्टर पिना फक्त बाहेरच्या फ्लँजवर. आरशावर पिनेचा ठसा म्हणजे तो शॉट (साच्यातून निघालेला नग) भंगारात.

२४ जुलै: पहिले शॉट

प्लॅस्टिक एबीएस, आकुंचन ०.५ टक्के धरलेलं. तीन दोष एकदम दिसले.

चंदेरी रेघा: पावसाळ्यात दाण्यांनी ओल धरलेली. हॉपर ड्रायर चालू होता, पण दाणे त्यात अर्धा तासच पडले होते. ८० ते ८५ अंशांवर चार तास सुकवल्यावर रेघा गेल्या.

पाठीमागच्या रिबच्या (मजबुतीच्या पट्टीच्या) बरोबर समोर आरशात खोलगट पट्टी: भिंत २ मिमी आणि रिबही २ मिमी दिली होती. जाड जागा उशिरा थंड होते आणि पृष्ठभाग आत ओढते. कच्च्या प्लॅस्टिकवर ही पट्टी जवळजवळ दिसत नाही. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाकळीवरून सरकवून पाहिलं तर जिथे पट्टी आहे तिथे ते वाकतं. रिब १ मिमी केली. पोकळीच्या बाजूला रिबच्या खाचा वेल्डने भरून पुन्हा कोरायला लागल्या, ६,५०० रुपये.

तोंडाची कड भरत नव्हती. ड्रॉइंगवर ०.३ मिमी होती, एवढ्या फटीत एबीएस पोचण्याआधीच गोठतो. ०.६ केल्यावर भरली. पण कड ०.६ ठेवली तर दोन शंकूंमधलं अंतर ४६ वरून ४६.६ मिमी होतं आणि कॅमेऱ्याच्या तोंडाचा ५ टक्के भाग कडांवरच जातो. ०.३ असेल तर २.६ टक्के. म्हणून मोल्डिंगनंतर फिक्स्चरमध्ये बसवून बाहेरून ०.३ पर्यंत मिल करायचं ठरलं. एका पाकळीला चार मिनिटं. कटर बाहेरच्या बाजूने आणि पाकळीच्या आत तंतोतंत आकाराचा आधार, नाहीतर कड थरथरते आणि पांढरी पडते. पहिल्या नऊ पाकळ्या अशाच गेल्या.

५ ऑगस्ट: दुसरा मुलामा, पूर्ण वाया

६० पाकळ्या पुन्हा हेडलाइटच्या बॅचमध्ये. दिसायला देखण्या. सेलोटेप लावून ओढली तर ॲल्युमिनियम टेपबरोबर सोलून आलं, तेही विशिष्ट ठिकाणी, बुडाच्या टोकाशी.

मोल्डिंग मशीनच्या माणसाने सवयीने साच्यावर सिलिकॉन स्प्रे मारला होता. बुडाशी पाकळी साच्याला घट्ट धरते, म्हणून तिथे जास्त. सिलिकॉन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नीट जात नाही. दोन पाकळ्या तीन तीनदा पुसूनही टेपला आलं. पूर्ण लॉट बाजूला काढला. साचा उघडून सॉल्व्हंटने धुतला, बुडाशी अर्धा अंश ड्राफ्ट (नग सुटावा म्हणून भिंतीला दिलेला उतार) वाढवला, आणि मशीनवर मार्करने लिहून चिकटवलं: ‘स्प्रे नाही’. पहिले २५ शॉट फेकले, मग घेतले. हातमोजे न घालता आतल्या बाजूला बोट लावलं तरी तसाच ठसा उठतो.

१४ ऑगस्ट: मोजमापाचं टेबल

मोजल्याशिवाय पुढचा मुलामा द्यायचा नाही असं ठरलं. ३६५, ४०५ आणि ५२५ नॅनोमीटरचे एलईडी आणि रेझिस्टर पासोड्या विठोबाजवळून, ७५ मिमी व्यासाचं ३०० मिमी फोकल अंतराचं भिंग, हाताने फिरवायचं अंश कोरलेलं रोटरी टेबल, आतून काळा मॅट रंग दिलेला प्लायचा डबा. एकूण १७,८०० रुपये, नळ्या आधीच होत्या.

शंकूचं तोंड कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ५२ मिमीपेक्षा जास्त, म्हणून झोत त्याहून मोठा आणि सर्वत्र सारखा हवा. एलईडीवरचं प्लॅस्टिकचं डोमसारखं भिंग ठेवलं तर झोताच्या मध्यभागी ठिपका पडतो. पुढे घासलेली काच आणि २ मिमीचं छिद्र दिल्यावर फरक ३ टक्क्यांच्या आत आला.

पद्धत: आधी २०.६ मिमीचा षटकोनी मुखवटा लावून नळीचा प्रवाह, मग शंकू लावून. दोन्हींचं गुणोत्तर आदर्श शंकूत ४.८२ यावं.

साधा ताळा असा: समोरून आलेल्या प्रकाशापैकी साधारण २१ टक्के भिंतीला न शिवता थेट बुडातून जातो, उरलेला बहुतांश एकदा आपटतो. म्हणजे कार्यक्षमता जवळपास ०.२१ अधिक ०.७९ गुणिले भिंतीची परावर्तकता. या हिशेबाने शंकू न फोडता मुलामा तपासता येतो.

जुन्या वाया गेलेल्या लॉटमधल्या न सोललेल्या पाकळ्यांचा एक शंकू जुळवून मोजला:

५२५ ला ८६ टक्के. ४०५ ला ७९. ३६५ ला ६८.

शेवटच्या आकड्याने सगळं बदललं. ६८ म्हणजे भिंत ३६५ नॅनोमीटरला जेमतेम ६० टक्के परत पाठवते. चेरेन्कॉव्ह प्रकाश निळ्या-अतिनील भागातच दाट असतो, म्हणजे आपला माल नेमका तिथेच सांडतोय. डोळ्याला मात्र ही पाकळी नव्या हेडलाइटइतकीच चकचकीत. कारखान्याचा तपासनीस ट्यूबलाइटखाली धरून ‘ओके’ म्हणतो ते त्याच्या कामापुरतं बरोबरच आहे. हेडलाइटला ३६५ चं काय घेणंदेणं?

२५ ऑगस्ट: अतिनील कुठे जातो

तीन संशयित होते, तिन्ही खरे निघाले.

चेंबर ३ × १०⁻⁴ मिलिबारला असतानाच फिलामेंट पेटवतात. दृश्य प्रकाशाला चालतं. पण ॲल्युमिनियम सावकाश आणि खराब निर्वातात चढलं की ऑक्सिजन पकडत चढतं, आणि परावर्तकता आधी अतिनीलमध्ये पडते.

एबीएस स्वतःच ओल सोडतो, म्हणून दाब खाली जायला वेळ लागतो. वेळ म्हणजे कारखान्याचे पैसे.

एचएमडीएसओचा थर. ऑक्सिजन कमी असेल तर त्यात हायड्रोकार्बन उरतं आणि ते अतिनील शोषतं. शिवाय जाडी. समोरून पडणाऱ्या ३५० नॅनोमीटरसाठी अर्ध्या तरंगाची जाडी सुमारे १२० नॅनोमीटर येते, पुस्तकांत तीच सापडते. शंकूत किरण ६५ अंशांच्या आसपास आपटतो, तिथे हिशेब सुमारे १५० ला जातो. समोरून मोजलेल्या सपाट नमुन्यावर थर ठरवला तर शंकूत तो चुकतो. आम्ही नमुन्याची काचपट्टीही आता ६५ अंशांवर तिरकी धरूनच मोजतो.

परावर्तक फिल्म चिकटवण्याचा पर्यायही तपासला. बाजारात मिळणारी बहुथरी पॉलिमर फिल्म दृश्य प्रकाशात अप्रतिम आहे, पण ४०० नॅनोमीटरच्या खाली घसरगुंडी. अतिनीलसाठी वेगळा मुलामा चढवलेली फिल्म सीटीए या आंतरराष्ट्रीय गॅमा-किरण वेधशाळेच्या मोठ्या दुर्बिणींच्या शंकूंसाठी वापरली गेली. सात नगांसाठी ती वाट आम्हाला झेपणारी नव्हती.

परवा गणपती बसतायत. कारखान्यातली निम्मी माणसं कोकणात. बॅच विसर्जनानंतरच.

९ सप्टेंबर: आपली स्वतःची बॅच

दुसऱ्यांच्या मालाबरोबर लावलं की सेटिंग बदलता येत नाही, म्हणून पूर्ण चेंबर घेतला, ९,००० रुपये. पाकळ्या आदल्या रात्री ६० अंशांवर ओव्हनमध्ये बारा तास. ७० वर ठेवलेल्या दोन नमुना पाकळ्यांचं तोंड ०.२ मिमीने उघडलं, म्हणून ६० च. चेंबर ५ × १०⁻⁵ च्या खाली गेल्यावरच फिलामेंट, तार दोन टप्प्यांत न जाळता एकाच झटक्यात, आठ सेकंदांत. सुमारे १०० नॅनोमीटर ॲल्युमिनियम. संरक्षक थरात ऑक्सिजन वाढवलेला.

३६५ ला ७८ टक्के, म्हणजे थेट दहाने वर. थर मात्र जाड, १९० च्या आसपास पडला. ऑपरेटरने वेळ नेहमीचीच ठेवली होती.

१८ सप्टेंबर

दुसरी स्वतंत्र बॅच, पुन्हा ९,०००. थराची वेळ एकचतुर्थांशाने कमी. ३६५ ला ८१, ४०५ ला ८४. टेप चाचणी पास. १ टक्का कॉस्टिक सोड्याचा थेंब दहा मिनिटं ठेवला, ॲल्युमिनियम विरघळलं नाही. ४८ पैकी ४४ चांगल्या.

३० सप्टेंबर: जोडणी

पहिला शंकू इन्स्टंट ग्लूने जोडला, झाकण लावून ठेवला. सकाळी आतल्या तिन्ही जोडांलगत पांढरी राख बसल्यासारखी धूसरता. गोंदाची वाफ आरशावरच्या ओलीशी जमते. पुसली तर ओरखडे. तो शंकू गेला, उरल्या ४१ पाकळ्या.

आता दोन भागांचं इपॉक्सी, जोडाच्या फक्त बाहेरच्या अंगाला ठिपक्यांनी, आणि जोडताना आत ॲल्युमिनियमचा तंतोतंत गाभा. गाभ्यावर लेन्स पुसायचा कागद गुंडाळलेला, नाहीतर तोच आरशावर ओरखडे काढतो. एका शंकूला पाऊण तास, इपॉक्सीला रात्रभर.

१३ ऑक्टोबर: फट आणि आवाज

सातही शंकू प्लेटवर. बूड आणि नळीच्या काचेत १.५ मिमी फट राहिली होती. बुडातून किरण जवळजवळ आडवेही बाहेर पडतात, ते त्या फटीतून निसटतात. २० अंशांवर ७ टक्के तोटा. फट ०.३ वर आणली तेव्हा तोटा जवळपास भरून निघाला, पण एका नळीचे काळोखातले पल्स सेकंदाला ९०० वरून १४,००० वर गेले.

नळीचा कॅथोड उणे ११०० व्होल्टला आहे. शंकूचं ॲल्युमिनियम शेजाऱ्यांना टेकत प्लेटला, म्हणजे अर्थला जोडलेलं. काचेला टेकलेला अर्थ केलेला धातू आणि काचेपलीकडे हजार व्होल्ट, मग काचेतून गळती होते आणि ती चमकते. नळी खराब आहे समजून आम्ही ती बदलली, दुसरीतही तेच. तीन दिवस.

उपाय म्हणून बुडाच्या शेवटच्या १.५ मिमीवरचा मुलामा कॉस्टिकच्या बोळ्याने काढला आणि खाली ०.३ मिमी पॉलिएस्टर फिल्मचं कडं घातलं. पल्स ९५० वर परत. कार्यक्षमतेत एक टक्का गेला. मुलाम्याच्या वेळीच बुडावर कॅप्टॉन (उष्णता सोसणाऱ्या) टेपची पट्टी लावली असती तर हे बोळे फिरवणं वाचलं असतं.

१७ ऑक्टोबर: थंडी

डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर रात्रभर, मग झिपच्या पिशवीतच खोलीत, असे दहा फेरे. पिशवी आधी उघडली तर आरशावर दव धरतं. मुलामा टिकला, एका जोडाचं इपॉक्सी सुटलं. तिथे ठिपका मणभर होता, जाड ठिपके आधी तडकतात.

थंडीत शंकू एकमेकांवर दाबतील अशी भीती होती, ती उलटी निघाली. एबीएस ॲल्युमिनियमच्या प्लेटपेक्षा जास्त आखडतो, म्हणून ४८ अंशांच्या फरकाला शेजाऱ्यांतली फट सुमारे ०.१४ मिमीने वाढते. त्रास उन्हात, बंद कॅमेरा ४५ अंशांना पोचला की, कडा घासण्याचा. प्लेटवरचं अंतर ४६.०० वरून ४६.१० केलं.

३ नोव्हेंबर: आजची स्थिती

सात शंकूंची सरासरी, ३६५ नॅनोमीटर: समोरून ८२ टक्के, २२ अंशांपर्यंत ७८ च्या वर, २७ वर निम्मं, ३२ ला ४ टक्क्यांच्या खाली. सात शंकूंमधला फरक ३ टक्के.

खर्च: प्रिंट ११,४००, साचा ९२,०००, नवा इन्सर्ट २१,०००, रिब ६,५००, मोल्डिंगच्या तीन खेपा १४,०००, मुलामा २१,०००, टेबल १७,८००. एकूण १,८३,७०० रुपये. यात माणसांचे तास नाहीत.

एक चूक अजून तशीच आहे. नळीच्या काचेची १.३ मिमी जाडी हिशेबात धरलीच नव्हती. आडवा किरण काचेत ४२ अंशांपर्यंत वळतो आणि कॅथोडपर्यंत पोचताना सुमारे १.२ मिमी बाजूला सरकतो. बुडाचा कोपरा कॅथोडच्या कडेपासून ०.६ मिमीवरच आहे, म्हणजे कोपऱ्यांतला प्रकाश थोडा बाहेर पडतो. पुढच्या इन्सर्टमध्ये बूड १९.८ करतोय. स्वीकार कोन २५.९ होईल, २२.६ च्या वर तरी राहतो. नवं ड्रॉइंग टूलरूमला गेलंय, यावेळी स्टीलचं नाव पहिल्या ओळीत. उरलेल्या २० पाकळ्या सिलिका जेलच्या डब्यात आहेत. डब्यावर बॅच, तारीख आणि ३६५ चा आकडा लिहिलाय.